मागचं कपाट

यशोदाबाईंनी नवऱ्याचा, हिलालभाऊंचा, मोबाईल पदराने पुसला आणि नानांच्या टेबलावर ठेवला.

“नाना, हाई देखा. यास्नं लिखेल आठे दिसस ना?”

रतिलालनानांनी चष्मा लावला. खरं तर वाचायची गरज नव्हती. ‘वाचकांचा ओटा’ हा इंटरनेटवरचा गट उघडलेला होता आणि सगळ्यात वर हिलालभाऊंचा सकाळचा मजकूर होता. कापसाच्या जिनिंग गिरणीतल्या पहिल्या नोकरीच्या दिवसाबद्दल, चांगला मोबाईलचे तीन पडदे भरेल इतका लांब. नानांनी तो चहाबरोबर वाचून संपवला होता.

“दिसतंय,” ते म्हणाले.

“आनि तुमना मोबाईलमा?”

नानांनी आपला मोबाईल उचलला, उघडला, पुन्हा पालथा ठेवला.

“मलाही दिसतंय.”

यशोदाबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांची मुलगी सुनंदा धुळ्याला राहत होती. आधी रोज सकाळी ती वडिलांचं लिखाण सासूला वाचून दाखवायची आणि मग फोन करायची. चार महिन्यांपासून ती म्हणत होती, बाबा, ओट्यावर तुमचं काही येतच नाही. आणि बाबा तर रोज लिहीत होते.

“यास्नी तिनासंगे बोलणं सोडी दिधं. महिना व्हयना. म्हणतस, कटाळा उना व्हई तर सरळ सांगाले काय व्हस? खोटं कसाले बोलस?” त्या उठल्या. “माले वाटे, पोर खरी व्हई. तुमले इचारीसन जाऊ म्हणं, ओटा तुमना शे. पण तुमले बी दिसस. म्हन्जे पोरच खोटी.”

नानांनी तोंड उघडलं.

“चहा घेऊन जा,” ते म्हणाले.

“नको. ते लिखीसन परत झोपेल शेतस, उठतीन आते.”

दार लोटल्याचा आवाज आला. टेबलावरची मोबाईलची जागा रिकामी झाली होती.

ओटा सुरू झाला तो नाना वाचनालयातून निवृत्त झाल्यावर. सून भाविकाने तो इंटरनेटवर उभा करून दिला आणि जळगाव-धुळ्यातले दोनेकशे वाचक जमले. नाना त्याचे चालक. कुणी एखाद्या कादंबरीबद्दल लिहिलं की तिथे हिलालभाऊ यायचे. कादंबरीत पाऊस असला तर ते भिजलेल्या कापसावर लिहायचे, लग्न असलं तर जिनिंगच्या पट्ट्यात शर्टाची बाही अडकून ते स्वतःच्या हळदीला कसे उशिरा पोचले, ते लिहायचे. अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत. शेवटी चार महिन्यांपूर्वी ओट्यावरच्याच माणकचंदशेठनी नानांना फोन केला. “नाना, हा ओटा आहे की चक्की? एक तर ते राहतील, नाही तर आम्ही दहा जण.”

नानांनी त्या संध्याकाळी सुनेला विचारलं, एखाद्याला ओट्यावरून उठवायचं कसं.

“काढून टाका,” भाविका म्हणाली. “त्यांना तसा निरोप जाईल.”

“दुसरं काही?”

“लिहिणं बंद करता येतं. पण लिहायला गेले की कळेल त्यांना.” तिने आणखी खाली बोट सरकवलं. “हे एक आहे. ते लिहितील, त्यांचं त्यांना दिसेल. बाकी कुणालाच नाही. फक्त चालकाला.”

“त्यांना कळणार नाही?”

“नाही.”

“मग हेच,” नाना म्हणाले. सुनेने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं होतं. तेव्हा नानांनी चष्मा पुसायला घेतला होता.

वाचनालयातही त्यांनी पस्तीस वर्षं हेच केलं होतं. एखाद्या पुस्तकावर कार्यकारिणीतल्या कुणाचा आक्षेप आला की ते पुस्तक रद्द करायचं नाही, आणि आक्षेप घेणाऱ्याला नाहीही म्हणायचं नाही. पुस्तक मागच्या कपाटात जायचं. यादीत नाव तसंच. वाचकाने मागितलं की, “बाहेर गेलंय.” एका पावसाळ्यात त्या कपाटाला वाळवी लागली आणि ते साफ करायला हिलालभाऊ मदतीला आले. दोन महिने ज्या पुस्तकासाठी ते खेटे घालत होते, ते त्यांना तिथे सापडलं, अर्धं खाल्लेलं. “नाना, हाई तं घरमाच व्हतं!” म्हणत ते खूप हसले होते. नानांनाही हसावं लागलं होतं.

दुपारी नानांनी वही काढली. भाविकाने सांगितलेल्या पायऱ्या त्यांनी नीट लिहून ठेवल्या होत्या. हिलालभाऊंच्या नावापुढची, त्यांचं लिखाण लपवणारी खूण त्यांनी काढून टाकली. झालं. सुटलं.

त्यांनी ओटा वरपासून खालपर्यंत पाहिला. हिलालभाऊंचे सगळे मजकूर आपापल्या तारखेला, आपापल्या जागी जाऊन बसले होते. फाल्गुनातला फाल्गुनात, चैत्रातला चैत्रात. जणू कधी गेलेच नव्हते. आता सुनंदाने उघडलं तर तिलाही ते दिसणार होते. ती काय म्हणणार होती? नानांचं बोट काचेवर तसंच राहिलं. ती खरं बोलत होती याचा होता नव्हता तो पुरावा त्यांनी आत्ताच पुसून टाकला होता.

त्यांनी टोपी घातली.

हिलालभाऊ ओसरीवर शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून बसले होते. नानांना पाहून त्यांनी स्क्रू डबीत टाकले आणि सरकून जागा केली. नाना उभेच राहिले.

“हिलालभाऊ, सुनंदा खरं बोलत होती.”

आणि मग त्यांनी सांगितलं. माणकचंदशेठचा फोन सांगितला, खूण सांगितली, सकाळचं उत्तरही सांगितलं. त्यात माणकचंदशेठचं नाव आपण आधी घेतलं, हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“चार महिना?” हिलालभाऊंनी विचारलं.

“हो.”

“कोनीच वाचं नही?”

“मी वाचत होतो.” नानांनी टोपी काढली. “रोज. एकेक ओळ.”

हिलालभाऊंनी मिक्सरचं पातं हातात फिरवून पाहिलं.

“मागला कपाटमा,” ते म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

नाना खाली बसले. मग हिलालभाऊंनी फडक्याला हात पुसले आणि आत हाक मारली.

“यशोदा, सुनंदाले फोन लाव. पहिले नाना बोलतीन.”

यशोदाबाईंनी हिलालभाऊंच्या मोबाईलवरून फोन लावला आणि नानांकडे न पाहता त्यांच्या हातात दिला. काचेला अजून यशोदाबाईंच्या ओल्या बोटांचं पाणी होतं. पलीकडे घंटा एकदाच वाजली.

“बाबा?” घाईघाईने आवाज आला. “बाबा, तुम्हीच ना?”