परक्या गाडीचा सायलेन्सर

रूपालीचा बाप, म्हणजे आमचे सर्जेराव, आष्टीजवळच्या एका जिनिंगवर वजनकाट्यापाशी बसतात. कापसाची गाडी काट्यावर आली की आकडा मशीनच दाखवते, ह्यांनी फक्त तो वाचायचा. पण संध्याकाळी घरी येतात ते असे, जसं काय गावाचा सगळा कापूस ह्यांनीच तोलून धरलाय. लग्न झाल्यापासून मी हे बघून राह्यले.

यंदा ह्यांच्या मोटारसायकलचा सायलेन्सर सडला. खालून गंजून भोक पडलं. किक मारली की गल्लीतली कुत्री उठून पळायची, अन् मी अंगणवाडीत पोरांना झोपवलेलं असलं की तीबी दचकून उठायची. मेकॅनिक म्हणला, ह्याच गाडीचा नवीन सायलेन्सर परतूरला मिळतो, घेऊन या, अर्ध्या घंट्यात बसवून देतो. इतकं साधं काम. पण साधं काम केल्यावर माणूस शहाणा कसा दिसणार?

"लुटायला बसलेत सगळे," हे म्हणले, अन् जावयाला फोन लावला.

जावई सुमित जालन्यात बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायच्या मशीनवर हाय. पोरगा निर्व्यसनी, बोलायला गोड. पण 'मला येतंय' हा रोग त्यालाबी. मागं आमचा कूलर दुरुस्त केल्ता, तवापासून तो हवा फेकायचं सोडून पाणी फेकतो.

भीमजयंती होऊन गेल्यावर पुढच्या रविवारी रूपाली अन् तो आले. सुमितच्या खांद्यावर खताचं पोतं, अन् पोत्यातून बाहेर आलेला सायलेन्सर.

"जयभीम मामा. मित्राच्या गाडीचा हाय. गाडी ठोकली, पण सायलेन्सर बघा, बिलकुल नवा."

"पण ती गाडी दुसऱ्या कंपनीची ना?" मी विचारलं.

सासऱ्या-जावयांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वरणात साखर टाकायला निघाले.

"मामी, सायलेन्सर म्हणजे शेवटी नळीच," सुमित म्हणला. हे जोरात हसले. "तू चहा ठेव."

चहा ठेवला. मंग अंगणात लिंबाखाली कारखाना सुरू झाला. जुना सायलेन्सर काढताना इंजनाच्या तोंडापाशी एक नट फिरेना. ह्यांनी पाना सुमितच्या हातातून हिसकला, "पाहुणे, सरका, जोर लागतो ह्याला," म्हणले, अन् असा जोर लावला की बोल्टच तुटला. तुटल्यावर बोल्टाला शिव्या. बोल्ट बनवणाऱ्याला शिव्या. मंग एकाच नटावर भागवायचं ठरलं. दुसरीकडून तार आवळली.

सुमितनं आणलेला सायलेन्सर लांबीला जास्त भरला. मागचं भोक गाडीच्या भोकासमोर येईना. कानसीनं घासला, हातोड्यानं ठोकला. पाय भाजू नये म्हणून नळीवर असतं ते पत्र्याचं झाकण किकला अडतंय म्हणून काढून फेकलं. दुपारची भाकर दोन वेळा गरम केली, दोघंबी उठेनात.

"बसतंय का?" मी दारातून विचारलं.

"बसतंय की मामी. थोडं घासावं लागन."

"ब्रेकचं पायडल नळीला लागून राह्यलंय," रूपाली माझ्या मागून म्हणली. तिला दारातून दिसत होतं, ते ह्या दोघांना नाकाखाली दिसत नव्हतं.

"लागू दे. पुढचा ब्रेक हाय ना," हे म्हणले.

उन्हं कलल्यावर गाडी चालू झाली. आवाज कमी झालता, हे खरं. दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं, जसं मंगळावर यान उतरवलं. तिथंच थांबले असते तर ठीक. पण ह्यांना ट्रायल घ्यायची होती, अन् तीबी वजनासकट.

"बस मागं," मला म्हणले.

मी बसले. का बसले विचाराल, तर न्हाई म्हणल्यावर जे ऐकावं लागलं असतं, त्यापेक्षा गाडीवर बसणं सोपं होतं. फाट्यापर्यंत गेलो. पारावर बसलेल्यांना ऐकू जावं म्हणून ह्यांनी उगंच दोनदा रेस केली. येताना घराच्या दारात उतार हाय. ह्यांनी पाय ब्रेकवर दाबला. पायडल नळीला अडलं, खाली गेलंच न्हाई. गाडी पायरीवर आपटून उजवीकडं कलली. मी डाव्या बाजूनं उडी मारून उतरले अन् गाडी ह्यांच्या अंगावर पडू नये म्हणून पलीकडून हात द्यायला गेले. तितक्यात उघडी नळी माझ्या पोटरीला चिकटली.

मी किंचाळले. हे काय म्हणले सांगू?

"पाइप वाकला का बघा आधी!"

सुमितनं पाइप बघितला न्हाई. पाण्याची बादली उचलली अन् माझ्या पायावर ओतली, मंग रांजणातून तांब्यामागं तांब्या ओतत राह्यला. दवाखान्यात न्यायला रिक्षा त्यानंच आणली. डॉक्टरनं विचारलं, कशानं भाजलं? तर ह्यांनी तिथंच जावयाकडं बोट केलं.

"ह्यांनी झाकण काढलं."

"मामा, बोल्ट तुमी तोडला."

"सायलेन्सर कोणी आणला?"

डॉक्टर पट्टी बांधता बांधता थांबला. मी भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा बोर्ड वाचत राह्यले.

घरी आल्यावर रूपाली चुलीपाशी भाकरी करून राह्यली होती. सुमित बाहेर एकटाच पाना घेऊन तो सायलेन्सर काढत होता. पाना निसटून त्याचं बोट सोललं. तो आत आला, हळद मागितली. रूपालीनं डबा सरकवला अन् त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, वरपासून खालपर्यंत, अन् परत भाकरी थापायला लागली. सुमितनं मान खाली घातली अन् बाहेर गेला.

ती नजर मी ओळखत होते.

"रूपाली, असं नको बघत जाऊ त्याच्याकडं," मी म्हणले. "पाणी त्यानंच ओतलं माझ्या पायावर."

"मंग कसं बघू?" तिनं भाकर तव्यावर टाकली. "तू पप्पांकडं बघतीस तसंच बघून राह्यले. मला दुसरं येतंय कुठं?"

"तुझ्या पप्पाचं वेगळं हाय."

"सगळ्या बाया असंच म्हणत असतील."

लग्न होऊन दोनच दिवाळ्या झाल्या पोरीच्या. मला जी नजर कमवायला अर्धा जन्म लागला, ती हिनं माहेराहून संगंच नेली. मी लंगडत बाहेर गेले, सुमितच्या बोटाला स्वतः चिंधी बांधली अन् म्हणले, "पाहुणे, चला, जेवून घ्या." त्याचे डोळे भरून आल्ते. सकाळी त्यानं तो सायलेन्सर पोत्यात घातला, पोतं खांद्यावर टाकलं अन् दोघं जालन्याच्या गाडीत बसले. खिडकीतून रूपाली माझ्याकडं बघत होती, तो दुसऱ्या बाजूला.

ते गेल्यावर मी ह्यांना सांगितलं, आता तरी परतूरला जा अन् आपल्या गाडीचा आणा. मनात ठरवलं होतं, हा माणूस काहीबी घेऊन येवो, आपण तोंड सरळ ठेवायचं. रूपाली नसली तरी सवय लावायची.

हे दुपारच्या एसटीनं आले. सायलेन्सर मांडीवर लेकरासारखा धरून आणल्ता. चकचकीत, नवाकोरा. अंगणात गाडीपाशी लावून बघितला. मंग फिरवून बघितला. मंग डोकं खाजवलं.

"दुकानदार येडा हाय," हे म्हणले. "मी गाडीचं नाव बराबर सांगितल्तं. त्यानं मोठ्या इंजनाचा दिला."

"बदलून मिळंल ना?" मी विचारलं.

"बदलायचं कशाला? थोडं घासलं की बसतंय."

मी तोंड सरळ ठेवायचा लई प्रयत्न केला. मंग परातीतला लसूण जवळ ओढला अन् भिंतीकडं तोंड करून सोलत बसले.