रंगेहाथ

अपघातात तिचा डावा पंजा गेला. पुढं सिलिकॉनचा पंजा मिळाला; नखं, रेषा, शिरासुद्धा हुबेहूब.

"कुणाला कळणारही नाही," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

नेमकं तेच तिला डाचलं. ती हॉटेलच्या स्वागतकक्षात बसायची. दिवसभर हात लपवायचा आणि कुणाला कळलं तर म्हणून धास्तावायचं?

"मी काय चोरी केलीय? मला मोरपिशी हात हवाय."

तिनं बाजारातून रंग आणून पंजा रंगवला. संध्याकाळपर्यंत त्याची सालपटं निघाली. नणंद वैद्यकीय नळ्यांच्या कारखान्यात केमिस्ट होती. ती हसली.

"वहिनी, सिलिकॉन म्हणजे पालथा घडा. आतल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून बसलेल्या. विरघळत नाहीत, वितळत नाहीत. आणि वरचा थर कुणाला जवळ करत नाही. आतलं तसंच ठेवून फक्त वरचं बदलावं लागेल."

साहेबांना विचारून नणंदेनं तिला सुट्टीच्या दिवशी कारखान्यात नेलं. पंज्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो मोत्यासारखा गोल राहिला. मग पंजा यंत्रात ठेवून हवा उपसली, किंचित ऑक्सिजन सोडला, वीज दिली. काचेआड फिकट उजेड पेटला. बाहेर काढल्यावर टाकलेला थेंब लगेच पसरला.

"आता घाई! वरचा थर उघडा राहिला की पुन्हा मूळपदावर येतो."

एका टोकानं सिलिकॉनला आणि दुसऱ्या टोकानं रंगाला धरणारं द्रावण लावलं, वर रंग चढवला, भट्टीत तापवला. तिनं पंजा साबणानं घासला, पिळला, नखानं खरवडला. रंग हलला नाही.

"अगं, लोक काय म्हणतील?" सासूबाई.

"विचारतील. मी सांगेन."

"आता कधीही सापडलीस तरी रंगेहाथच," नवरा म्हणाला. ती पोटभर हसली.

हॉटेलचा मॅनेजर हसला नाही. "मॅडम, पाहुणे दचकतात. हातमोजा घाला, नाहीतर आत बसा."

"दचकले तर मी सावरेन त्यांना. मोजा घालणार नाही आणि आतही बसणार नाही. हलवायचंच असेल तर कारण लेखी द्या."

त्यानं काही लिहून दिलं नाही. चार दिवस धुसफुसला आणि गप्प झाला. ती समोरच बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवून.

काही महिन्यांनी अंगठ्याच्या घडीत रंग तडकला.

"आता तरी कातडीसारखा करून घे," सासूबाई म्हणाल्या.

तिनं नणंदेला फोन लावला.

"यंत्र कधी मोकळं आहे गं? या खेपेला लालभडक."