सवतभाजी

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक तक्ता टांगलेला आहे. एकच लाल अंबाडी आणि तिची ठिकठिकाणची नावं: आंध्रात गोंगुरा, कर्नाटकात पुंडी, सुदानात कर्कदे, सेनेगलमध्ये बिसाप, मेक्सिकोत जमैका. सरांना आता आपल्या जिल्ह्याचा असाच तक्ता हवा होता. पान दाखवायचं, लोक काय म्हणतात ते लिहून आणायचं. हिंडणं माझ्याकडं, कारण सरांचे गुडघे दुखतात. सहलीला जाताना दुखत नाहीत, ही नोंद माझी खाजगी.

सरांचा नियम एकच: दोघांनी सांगितल्याशिवाय नाव तक्त्यात चढवायचं नाही.

बुधवारी शेंद्र्याला बानाबाईंकडं गेले. पन्नाशीला आलेली बाई, मेंढरं राखणारी. चौदा पानांची नावं तिनं धडाधड सांगितली. अंबाडीचं पान काढलं तसा पदर तोंडावर गेला.

बाजेवर तिचा नवरा भांग पाडत बसला होता. अंबादास. वाळूजला कंपनीत कामाला, चार दिवस तिकडंच राहायचा, तीन दिवस घरी. ओव्हरटाइमच तसा असतो म्हणे.

"तिला नका इचारू, ताई," तो म्हणाला. "नवऱ्याचं नाव घेत नाय ती. अंबाडी म्हणलं की अर्धा अंबादास तोंडातून निघतो. लगीन झालं तवा आईनं अंबाडी निवडायला दिली, तर ही मुकीच. मंग मीच बारसं केलं. म्हणलं, ही बया माझं नाव चोरून बसलीय, हिला सवत म्हण!"

"तवापासून सवतच," बानाबाई हसून म्हणाली. "कवाबी चिरती मी तिला."

माझी आई वडलांना साऱ्या मुकुंदवाडीसमोर 'ए मोतीराम' अशी हाक मारायची. त्यामुळं मला याची गंमत वाटली. मी लिहून घेतलं: सवतभाजी. सांगणारी एक.

निघताना बानाबाईनं मेंढरं कोंडायचं वाडगं दाखवलं. माहेराहून आलेल्या तीन मेंढ्यांची तिनं बावीस मेंढरं केली होती.

"शनवारी बाजारात नेणार हायेत सारी," ती म्हणाली. "वाळूजला खोली घ्यायचीय. माझ्या नावावर करतो म्हणले. सासू वारून नऊ वर्षं झाली, इथं कुणासाठी ऱ्हायचं? दोघं एका जागी ऱ्हाऊ." मेंढीच्या पाठीवरचा हात मात्र तिनं काढला नव्हता.

गुरुवारी मी वाळूजला. कामगारांच्या खोल्यांची ओळ, एका दारात तेलाच्या डब्यात लाल अंबाडी. मालकीण आवडाबाई, चाळिशीच्या आतली. पान दाखवलं आणि पदर तोंडावर गेला.

"आमच्यात हिला सवत म्हणत्यात."

"कुणी शिकवलं, ताई?"

"ह्यांनीच. म्हणले, ही बया माझं नाव चोरून बसलीय."

माझं पेन थांबलं. "मालक काय करतात?"

"कंपनीत हायेत. चार दिस इथं, तीन दिस गावाकडं. सासूबाई आजारी असत्यात ना, लई वरसं झाली. आता ही खोलीच इकत घेतो म्हणले."

नऊ वर्षांपूर्वी वारलेली म्हातारी वाळूजमध्ये अजून आजारी होती. मला सगळं तिथंच समजलं. तरी मी काय केलं? खातरजमा. 'अंबा'नं सुरू होणाऱ्या नावाचे नवरे या जिल्ह्यात ढिगानं आहेत, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर दुसऱ्याचं गुपित आपल्याकडं असलं की अंगाला एक ऊब येते. ती मी दोन दिवस घेतली.

शनिवारी संध्याकाळी त्या ओळीसमोरच्या टपरीवर चहा घेत बसले. टेम्पो आला. अंबादास पुढून उतरला आणि मागून नवाकोरा कूलर उतरवून घेतला. आवडाबाईनं दारातच त्याला कुंकू लावलं. कूलरला.

तेव्हा कुठं मला आठवलं, की बाजार आज होता.

रविवारी सकाळी शेंद्र्याला पोचले. रिकाम्या वाडग्यात बानाबाई लेंड्या झाडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. खोली, आवडाबाई, आजारी सासू, कूलर. खराटा मध्येच थांबला, पण ती रडली नाही.

"डब्यात ती भाजी हाय? आन् ती बी तेच म्हणती?"

"हो, मावशी."

"मला वाटलं व्हतं, तेवढं तरी माझं एकटीचं आसंल." तिनं उरलेल्या लेंड्या कोपऱ्यात लोटल्या. मग म्हणाली, "तुला कवा कळलं?"

"गुरुवारी."

"बाजार शनवारी हाय, हे मीच सांगितलं व्हतं ना तुला?"

"हो."

"मंग?"

मी सरांचा नियम सांगितला. दोघांचा दुजोरा, खातरजमा, उगीच कुणाच्या संसारात... तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एक मेंढरू आजारी पडलं म्हंजी दुसरं पडायची वाट बघत नाय आमी," ती म्हणाली. "मला वाटलं, फसवणारा एकच हाय."

हात धुऊन, लुगडं बदलून ती बाहेर आली. "गाडी हाय नं? दार दाखीव."

जालना रोडनं सगळं शहर ओलांडून गेलो. गतिरोधकावर दणके बसले तरी तिनं माझ्या खांद्याला हात लावला नाही. मागची दांडी धरून बसली होती.

वाळूजला दार उघडंच होतं. कूलरसमोर अंबादास बनियनवर जेवत होता. आवडाबाई पुढं आली. "कोन पायजे?"

"बावीस मेंढरांचे पैसे पायजेत," बानाबाई म्हणाली. "कूलरमधी किती गेले ते सांगा, बाकीचे काढा."

अंबादासचा घास हातातच राहिला. आवडाबाईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा हिच्याकडं, आणि काही न विचारता बाजूला झाली.

मी उंबऱ्यापर्यंत पोचले होते. बानाबाई वळली.

"तू जा. तुला बघायला आवडतं ते कळलं मला. पर हे नाय बघायचं."

ती आत गेली आणि दार तिनंच लावलं.