चुका गिळणारा बाबा

कॉम्प्युटर विभागाच्या दारात नुसती झुंबड उडाली होती. नर्सा, हिशेबनीस, लिफ्टवाला, एवढंच काय, हाताला सलाइन लावलेला एक पेशंटही स्टँड ढकलत येऊन पोहोचला होता. आत लहरीबाबा डोळे मिटून उभे. एक पंजा सर्व्हरच्या कपाटावर टेकलेला, कपाटाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली.

"यंत्राच्या पोटात राग साठलाय," बाबा पुटपुटले. "जुन्या रोग्यांच्या वेदना आहेत आत. नव्या घरी जायला तयार नाहीत. मी त्यांची समजूत काढतो."

मी या रुग्णालयातला औषधविक्रेता. भानगड काय होती ते मला ठाऊक होतं. जुन्या डेटाबेसमधली सगळ्या रुग्णांची माहिती नव्यात न्यायची होती. सकाळी लावलेलं काम दुपारपर्यंत चालायचं आणि लाल अक्षरांत 'त्रुटी' दाखवून बंद पडायचं. कुठे अडलं, का अडलं, काही पत्ता नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू. संचालक कातावले, तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्या ठेकेदारानेच बाबांना आणलं. बाबा आपला सख्खा मेहुणा, हे मात्र त्याने पोटातच ठेवलं.

आणि त्या दिवशी काम शेवटापर्यंत गेलं. पडद्यावर हिरवंगार 'पूर्ण'! टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन-दोन पदव्या भिंतीवर टांगणारे आमचे संचालक त्या माणसाच्या पायावर वाकले. दुसऱ्या दिवसापासून लोक जाता-येता कपाटाला हात लावून तो डोळ्यांना लावू लागले.

माझी वहिनी त्याच विभागात कामाला. जेवताना ती म्हणाली, "भावजी, काल पडणारं काम आज चाललं, तर मधे काय बदललं, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही."

"तार गुंडाळली ना!"

"तारेने डेटाबेस चालत असता तर मी वायरमन झाले असते."

आठवडाही झाला नसेल, पायाच्या जखमेने फणफणलेला एक निवृत्त बसचालक दाखल झाला. त्याला बोलायची शुद्ध नव्हती. डॉक्टरबाईंनी पडद्यावर पाहिलं. नाव, वय सगळं होतं, अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा. इंजेक्शन दिलं आणि पाहता पाहता त्याचे ओठ सुजले, श्वास घुसमटला. बाईंनी शर्थ केली म्हणून वाचला. नंतर त्याची मुलगी आली आणि किंचाळली, "आम्ही दर वेळी सांगतो! तुमच्याच जुन्या केसपेपरवर लिहिलंय!"

बाबा त्याच दुपारी सत्काराला आले होते. ते शांतपणे म्हणाले, "त्याच्या मनात शंका होती. शंकेची लहर इंजेक्शनात उतरली."

थुंकावंसं वाटलं मला.

डॉक्टरबाईंनी संचालकांना ठणकावलं, "खरं काय ते कळेपर्यंत मी या पडद्यावर विसंबून एकही पेशंट तपासणार नाही." मग कुठे वहिनीला प्रोग्राम उघडायची परवानगी मिळाली. तिने जुन्या माहितीची एक प्रत घेतली आणि सगळ्यांना बोलावलं. बाबा आणि ठेकेदारही आले.

"मी प्रोग्रामला फक्त बोलतं केलंय," ती म्हणाली. "प्रत्येक नोंदीमागे त्याने एक ओळ लिहायची. कुठली नोंद, कुठला टप्पा, काय झालं. याला लॉग म्हणतात."

ओळी सरकू लागल्या. गेली. गेली. गेली. मग एक ओळ आली: 'नाव-वय गेलं, पुढची नोंद नाकारली. अ‍ॅलर्जीचा मजकूर जागेत मावत नाही.' नाव बसचालकाचं. त्याच्याखाली आणखी एक नाकारलेली. आणखी एक.

"नव्या डेटाबेसमध्ये या रकान्याला एवढीशी जागा ठेवलीय," वहिनी म्हणाली. "एखादं औषध बाधत असेल तर मावतं. चार-पाच बाधत असतील तर मावत नाही. आधी प्रोग्राम तिथे ओरडून थांबायचा. बाबा येण्याच्या आदल्या दिवशी या ठेकेदारांनी त्यात हे घातलं." तिने बोट ठेवलं. "चूक आली तर गप्प बस आणि पुढे चल."

"पण पूर्ण असं आलं होतं!" संचालक म्हणाले.

"साहेब, पूर्ण म्हणजे शेवटापर्यंत पोहोचलं. वाटेत काय काय सांडलं, ते त्याला सांगूच दिलं नाही."

"थोड्याशाच तर नोंदी..." ठेकेदार चाचरला.

"थोड्या? ज्यांना सगळ्यात जास्त औषधं बाधतात, नेमक्या त्यांच्याच नोंदी गाळल्यात तुम्ही!"

"या लॉगमुळे लहरी बिघडतात," बाबा घाईघाईने म्हणाले.

"मग ठेवा हात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काढा समजूत."

बाबांनी हात ठेवला. सगळे पडद्याकडे बघत होते. नाकारली. नाकारली. लिफ्टवाला फिसकन हसला आणि बाबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

वहिनीने रकान्याची जागा वाढवली, ती गप्प बसवणारी ओळ काढली आणि काम पुन्हा लावलं. नाकारलेली एकही ओळ आली नाही. तरी तिने जुनी-नवी माहिती ताडून पाहिली, मगच मान हलवली. ठेकेदार आणि त्याच्या मेहुण्यावर तक्रार दाखल झाली. संचालकांनी बसचालकाच्या मुलीची माफी मागितली. तिने ती स्वीकारली नाही, आणि बरंच केलं.

ही किळस अजून माझ्या मनातून जात नाही. तो भामटा होता, भामटेगिरी हाच त्याचा धंदा. पण टाळ्या आपण वाजवल्या. दुखणाऱ्याचं तोंड दाबलं तर कण्हणं थांबतं, आणि त्यालाच आपण बरं झालं म्हणालो. म्हणून हात जोडून सांगतो, कुणी तुमच्यासमोर हिरवं 'पूर्ण' नाचवलं तर आधी विचारा, "मधे काय झालं ते दाखव." जो दाखवत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.