तिसऱ्यांदा

मिनेसोटात कुणी काही देऊ केलं तर आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा विचारलं की मग 'आता तू म्हणतेच आहेस तर... पण अगदी थोडं हं' असं म्हणून घ्यायचं. हे मला शेजारच्या आर्लिसबाईंनी शिकवलं.

मी मूळची न्यू जर्सीची. आमच्याकडं माणसाला भूक लागली की तो 'भूक लागली' म्हणतो, आणि जरा मोठ्यानंच म्हणतो. लग्न करून ग्लेनच्या या गावी आले, तेव्हा पहिल्याच रविवारी चर्चच्या तळघरात आर्लिसबाईंनी लिंबाच्या वड्यांचं ताट पुढं केलं. "द्या की," म्हणत मी दोन उचलल्या. भोवतालच्या बायका एकदम हवामानाबद्दल बोलायला लागल्या.

आर्लिसबाईंनी मला भांडी विसळायच्या निमित्तानं बाजूला घेतलं. "अगं पोरी, पहिल्याच फटक्यात हो म्हणालीस तर लोकांना वाटेल ग्लेन तुला उपाशी ठेवतो."

"पण मला हव्या होत्या!"

"म्हणून तर नको म्हणायचं."

"आणि समोरच्यानं तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

त्या खळखळून हसल्या. "असं कोण करेल? इतकं वाईट इथं कुणी नाही, बाई."

ताटातली शेवटची वडी इथं कुणी घेत नाही. तिची अर्धी करतात, मग अर्ध्याची अर्धी, आणि शेवटी चिमणीच्या घासाएवढा तुकडा ताटात तसाच घरी जातो. पहिली दोन वर्षं मला या लोकांचा राग यायचा. एवढा आडपडदा कशाला, सरळ तोंड उघडा ना! मग हळूहळू कळलं, की आपण तोंड उघडायच्या आधीच समोरच्याला कळावं, यातच इथला सगळा जिव्हाळा आहे. मीही शिकले. इतकी शिकले की ग्लेन म्हणायचा, "रोझॅन, तू आमच्यावर ताण केलीस. आता फ्रिज उघडतानासुद्धा दोनदा नको म्हणतेस."

अशी बावीस वर्षं गेली. आर्लिसबाई ऐंशीला टेकल्या. डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली आपण होऊन पुतण्याला देऊन टाकली. त्यांची धाकटी बहीण मर्ना बेमिजीच्या वृद्धाश्रमात होती, गाडीनं अडीच तासांवर.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्या माझा केकचा डबा परत द्यायला आल्या. डबा टेबलावर ठेवला, पण कोट काढला नाही.

"बेमिजीचा रस्ता साफ केलाय म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो का?"

"मर्ना हल्ली जेवत नाही. नर्सचा फोन होता. तसं काही विशेष नाही."

मला लगेच कळलं. न कळायला मी काय कालची आले होते?

"जायचंय का? उद्या मी नेते की," मी म्हणाले.

"नको गं. तुला शाळेच्या नोकरीतून एक शनिवार मोकळा मिळतो."

"अहो, खरंच नेते."

"छे छे, एवढ्या लांब कुठं. आणि वर ही थंडी."

त्या हातमोजे हातात धरून उभ्या राहिल्या. घातले नाहीत. खिडकीतून अंगणात पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांकडं बघत म्हणाल्या, "यंदा खारींनी ताळतंत्रच सोडलंय." त्या मला वेळ देत होत्या. मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मला कसलंही काम नव्हतं, हेच तर माझं दुखणं. ग्लेन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणार होता, घर रिकामं मिळणार होतं. मला गाऊनमध्ये लोळत चित्रकोड्याचे तुकडे जुळवत बसायचं होतं. आळस आला मला, दुसरं काही नाही.

"बरं, मग पुढच्या आठवड्यात बघू," मी म्हणाले.

"हो हो, बघू की." त्यांनी एकेक बोट नीट बसवत हातमोजे घातले आणि गेल्या. एरवी आमच्या निरोपाला दारात अर्धा तास लागायचा.

मर्ना मंगळवारी गेली.

दफनाला मात्र मीच त्यांना घेऊन गेले. विचारलं नाही, सरळ गाडी दारात लावली. काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला. अडीच तास त्या पुढं बघत बसल्या. परत निघायच्या आधी तिथल्या चर्चच्या तळघरात हॅमचे पाव समोर घेऊन आम्ही दोघीच बसलो होतो. तेव्हा मी बोलले. क्षमा मागायची होती. 'मला कळलं होतं, मी आळस केला' एवढंच म्हणायचं होतं. पण ऐन वेळी जीभ फिरली.

"आर्लिसबाई, तुम्ही नको म्हणालात, ते मला खरंच वाटलं. आमच्या जर्सीत कसं, नको म्हणजे नको."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मी बावीस वर्षं शिकलेलं त्यांच्यासमोर पुसून टाकलं होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. त्यांनी कागदी रुमालाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली.

"हो ना," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं एका शब्दात भागतं. तू दोनदा विचारलंस, तेच खूप."

एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला, तेव्हा मी त्यांच्याकडं गेले. स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीवर बसले. त्यांनी कॉफीचं भांडं उचललं.

"कॉफी घेणार?"

"नको, राहू द्या," मी म्हणाले आणि सवयीनं कप पुढं ओढला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि भांडं परत शेगडीवर ठेवलं.

मग तासभर त्या बोलत होत्या. बर्फ यंदा लवकर गेला, ग्लेनची पाठ कशी आहे, ट्यूलिपचे कोंब आलेत. बोलण्यात काडीचाही कडवटपणा नव्हता. रिकामा कप माझ्यासमोर होता. मला रडू येत होतं, आणि रडण्याजोगं कुणी काही केलं नव्हतं.

अजूनही मी दर आठवड्याला जाते. आता त्यांनी कॉफी विचारली की मी पहिल्यांदाच हो म्हणते. त्या हसून लगेच कप भरतात, परगावच्या पाहुणीला भरावा तसा, अगदी काठोकाठ.