कात्रीबाईंचा मुका उपास

पाळकसाहेब प्रवचन सांगायचे ते गाऊनच. दोन वाक्यं बोलायची, तिसरं सुरात उचलायचं आणि चौथं लोकांवर सोडून द्यायचं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या पहिल्या संध्याकाळी, पाळकसाहेबांनी कपाळावर लावलेली राख अजून ओली असताना, त्यांनी असाच सूर लावला : "दार लावून घे रे माणसा, तो आधीच आत बसलाय!" सगळं देऊळ म्हणालं, "आत बसलाय!" आणि सगळ्या देवळाच्या वर एक आवाज चढला, तो कात्रीबाईंचा.

कात्रीबाई म्हणजे शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या विधवा बाई. कापड बेतण्यात हात सरळ, आणि जीभ कात्रीहून धारदार, म्हणून गावानं हे नाव ठेवलेलं. पाळकसाहेबांनी पुढे गाऊन बजावलं की, उपास धरणाऱ्यानं तोंड पाडून हिंडू नये, त्याची दवंडी पिटू नये. तो देवाच्या आणि आपल्या मधला. बाईंनी तिथेच नवस केला. गोड सोडावं, तर ते डॉक्टरांनी आधीच बंद केलं होतं. ते देवाच्या नावावर खपवणं बरं दिसलं नसतं. मग जे खरोखर जिवावर येईल तेच सोडलं. ईस्टरपर्यंत सुनेच्या कामाला नाव ठेवायचं नाही. एक शब्दही नाही. आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही.

आता दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बेतायचं टेबल, दोन मशिनं आणि दिवसभर समोरासमोर सासू नि सून. आजवर त्या खोलीत मशिनांपेक्षा तोंडंच जास्त चालत आलेली.

"ही तुरपाई आहे की कोंबडी चालून गेलीय?" असं सासूनं म्हणायचं.

"कोंबडीच म्हणा आई, पण अंडी तीच देते," असं सुनेनं परतवायचं. गिऱ्हाईकं मापं द्यायला यायची आणि करमणूक करून जायची.

दुसऱ्या दिवशी सुनेनं एक काज वाकडं केलं. कात्रीबाईंच्या जिभेवर वाक्य तयार होऊन बसलं, छान, गोळीबंद. त्यांनी पटकन दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि मनात म्हणाल्या, "प्रभू, तू आत बसलायस ना? मग बघ, कसं गिळलं ते!" देवाला कौतुक वाटलं असावं, असं त्यांना वाटलं. पहिला आठवडा त्या हवेतच होत्या.

पण मग त्यांच्या ध्यानात आलं की सूनही बोलत नाहीये.

"अगं, अस्तराचं कापड दे."

"हो आई."

"दोरा संपलाय वाटतं."

"आणते आई."

ना टोमणा, ना उत्तर, ना हसू. 'हो आई' आणि 'बरं आई', त्याच्या पलीकडे काही नाही. कात्रीबाईंना भलतीच शंका आली. कारण मोठ्या रस्त्यावरच्या शिवणाच्या दुकानाचा मालक गेल्या महिन्यात येऊन सुनेला विचारून गेला होता, "आमच्याकडे कामाला येता का?" तेव्हा ती नुसती हसली होती, 'नाही' काही म्हणाली नव्हती. आज गेली कामाला, उद्या जाईल नवऱ्याला घेऊन. जाणारी बाई अशीच गप्प होते.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुलाला आडून विचारलं, "अरे, हिचं काही बिनसलंय का?"

बसच्या फेऱ्या मारून दमलेला मुलगा म्हणाला, "मला वाटलं तुम्हा दोघींचंच बिनसलंय. घरात इतकी शांतता आहे की मला झोप लागेना झालीय."

एक खरपूस टोमणा मारला असता तर सून उसळली असती, भांडण झालं असतं आणि सगळं पूर्ववत झालं असतं. कात्रीबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. औषध जिभेच्या टोकावर होतं. पण शब्द दिला होता, आणि ज्याला दिला तो खोलीतच होता. त्या अंथरुणात बसून म्हणाल्या, "प्रभू, शब्द मोडत नाही. पण माझी सूनही मला हवी. आता तूच बघ."

ईस्टरसाठी गायकवृंदाचे पांढरे झगे शिवायला आले होते. एका झग्याला सुनेनं उजवी बाही डाव्या खांद्याला लावली. असली चूक तिनं कधी केली नव्हती. बोलायची तर बंदी, म्हणून ती बाजारात गेल्यावर कात्रीबाईंनी बाही मुकाट उसवली, नीट लावली आणि झगा घडी करून ठेवला. वाटलं, फार शहाणपणाचं केलं.

सून परत आली, तिनं शिवण पाहिली. सासूचा टाका तिला अंधारातही ओळखता आला असता. ती झगा हातात घेऊन उभीच राहिली.

कात्रीबाई घाबरल्या. नाव ठेवायचं नाही. मग राहिलं काय? त्यांनी उभ्या जन्मात न केलेली गोष्ट केली. खाकरल्या आणि म्हणाल्या, "गळा... गळा छान बसवलायस हो."

सुनेच्या हातातला झगा खाली पडला. "आई! तुम्हाला बरं वाटत नाहीये का? डॉक्टरांना बोलावू?"

"मला काय धाड भरलीय!"

"मग मला बोला ना!" सुनेला रडू फुटलं. "बाही उलटी लावली तरी बोलला नाहीत. बोलण्याच्याही लायकीची राहिले नाही का मी? इकडे मी उपास धरून बसलेय, उलट उत्तर द्यायचं नाही म्हणून, आणि तुम्ही काही बोलतच नाही! मग माझा उपास होणार कसा?"

कात्रीबाई स्टुलावर बसल्या. "तू... कुठे धरलास?"

"त्याच संध्याकाळी देवळात, तुमच्याच मागच्या बाकावर."

आधी बाई हसल्या की सून, ते सांगणं कठीण. हसता हसता कात्रीबाईंनी आपलाही उपास सांगून टाकला. दवंडी पिटल्याचं वाईट वाटलं, पण दवंडी घरातल्या घरातच होती.

"मग आता मोडायचा?" सुनेनं डोळे पुसत विचारलं.

"मोडायचा कशाला? शब्द तो शब्द. फक्त तोंड बंद ठेवायचं नाही, एवढंच. दुसरं काहीतरी बोलायला शिकू." असं म्हणून त्या दुसरं काय बोलावं याचा बराच वेळ विचार करत बसल्या.

"घाई नाही आई," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या दुकानाचा मालक पुन्हा दारात आला. "या ताई आमच्याकडे. आमच्या दुकानात तुम्हाला कुणी एक शब्द बोलणार नाही."

"नको हो," सून म्हणाली, "तेच तर मला सोसत नाही."

मालकाला काही कळेना. त्याच्या सदऱ्याच्या कॉलरकडे कात्रीबाईंचं लक्ष गेलं. एक टोक पूर्वेला, एक पश्चिमेला. नवस फक्त सुनेपुरता होता. या माणसाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. जिभेवर वाक्य आलं, आणि गेल्या कित्येक वर्षांत इतकं सुंदर वाक्य आलं नव्हतं. सून श्वास रोखून बघत राहिली.

कात्रीबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "उभे का? आत या. चहा घेऊन जा."