ठकीच्या कुशीतली खोली

ठकीच्या उजव्या कुशीवर गाठ आली आणि त्याच दिवशी शरयूताईंच्या स्वयंपाकघराला एक खोली फुटली. मिक्सरच्या मागच्या भिंतीत दार दिसलं, दाराला कडी होती, कडी काढली तर आत खोली. शरयूताईंना याचं फारसं नवल वाटलं नाही, कारण सुरुवात बारीकसारीक गोष्टींपासून झाली होती. ठकीच्या कानामागे मुगाएवढी चामखीळ आली तेव्हा देवघराशेजारी काडेपेटी मावेल एवढा कोनाडा झाला होता. मानेवर बोराएवढी मऊ गाठ आली तेव्हा बाथरूमवर माळा निघाला, आणि त्यांनी त्यात दिवाळीची पातेली चढवूनही टाकली. मांजर सतरा वर्षांची, या वयात असं काहीबाही यायचंच, असं त्या शेजारणीला सांगत. माळ्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नसत. नवं बांधकाम म्हटलं की सोसायटीवाल्यांचं डोकं फिरतं.

खोली चांगली ऐसपैस होती. फरशी पायांना कोमट लागत होती आणि भिंत दाबली तर किंचित आत जात होती. शरयूताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. साताऱ्यातल्या त्यांच्या ब्लॉकच्या त्या अंगाला अजिंक्यतारा दिसायला हवा होता. दिसला तो गॅसचा सिलिंडर, तोही खालून, भलामोठा. मग सिलिंडर मागे सरकला, फ्रिजचा पाय आला नि गेला, आणि खिडकी पायपुसण्यापाशी येऊन थांबली. शरयूताई दारातून डोकावल्या. पायपुसण्यावर ठकी बसली होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तुझ्यात आहे होय ही!"

ठकीने जांभई दिली.

शरयूताईंना पहिली आठवण झाली ती दादाची. मुकुंददादा, त्यांचा थोरला भाऊ, एसटीत कंडक्टर होता. त्याचा उभा जन्म मुक्कामी गाड्यांवर गेला. कधी डेपोतल्या हॉलमध्ये चारचौघांत, कधी गाडीच्या टपावर, कधी मागच्या लांब सीटवर त्याने पाठ टेकली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तो बहिणीकडे आला आणि हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागला, तोही पाय पोटाशी घेऊन, कुणाच्या वाटेत येऊ नयेत म्हणून. घरात वाटेने जाणारं शरयूताई आणि मांजर सोडून कुणी नव्हतं, पण सवय ती सवय.

"दादा, तुला खोली झालीय."

"आणखी कोणकोण आहे तिच्यात?"

"कुणी नाही. तू एकटा."

दादा उंबऱ्याशी बराच वेळ उभा राहिला. मग त्याने देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आत गेला.

खोलीचे नियम पटापट कळत गेले. ठकी कपाटाखाली शिरली की दादाला भरदुपारी दिवा लावावा लागे. त्याचे कपडे वाळायचे असले की शरयूताई तिला उचलून गॅलरीत उन्हात ठेवत. गाठ कुरवाळली की आत छताची माती पडे आणि दादा ओरडे, "शरू, हळू!" ठकी पळाली की ट्रंक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत जाई, पण घाटातल्या गाड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचं काय! तो उलट खूश होता. आपल्या जुन्या मोरपंखी साडीचा शरयूताईंनी खिडकीला पडदा शिवून दिला. संध्याकाळी ठकी मांडीवर आली की त्या गाठीवरचे केस दोन बोटांनी बाजूला करत. मुठीत टॉर्च धरल्यावर दिसतो तसा तांबूस उजेड दिसे आणि खिडकीत दादाचं तोंड. मग गप्पा होत. बोलून झालं की दादा पडदा ओढून घेई. पडदा ओढला म्हणजे विषय संपला, हे शरयूताईंना लहानपणापासून माहीत होतं. तेव्हा पडद्याऐवजी गोधडी असायची, एवढंच.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण नव्या जागेत दूध उतू घालायचं नाही म्हणजे काय? शरयूताईंनी चांगला दिवस पाहून इलेक्ट्रिक शेगडी आत नेली, कोऱ्या पातेल्यात दूध ठेवलं आणि पूर्वेकडून उतू जाऊ दिलं. पूर्व हलू नये म्हणून ठकीला आधी टोपलीखाली कोंडून ठेवावं लागलं. दूध फसफसून फरशीवर आलं आणि फरशीने ते शोषून घेतलं. दोघांनी नमस्कार केला.

टोपली उचलली तेव्हा ठकी आपल्याच कुशीचा वास घेत होती.

तिला दुधाचा वास येत होता, आणि तो तिच्या कातडीच्या आतून येत होता. तिने चाटायला सुरुवात केली. जेवण सोडून चाटलं, झोप सोडून चाटलं. दादाला भिंतीपलीकडून कुणी कानस घासावी तसा आवाज येई. मग खिडकीखाली ओल आली, तांबडी. त्याने दोनदा चुना लावला. बाहेर गाठीवरचे केस गेले होते, कातडी फुटली होती, आणि ठकी हात लावू देईना. हौसेने उतू घातलेल्या दुधाने हे काय करून ठेवलं, म्हणून शरयूताई एकट्याच रडल्या.

जनावरांच्या डॉक्टर तांबोळी वयाने लहान पण हाताने सावकाश होत्या. "कानामागची चामखीळ आहे, राहू दे. मानेवरची चरबीची आहे, तिचंही काही नाही. ही मात्र खाली चिकटलीय. मांजरांत अशी गाठ बहुतेक वाईटच निघते. काढायला हवी."

"आणि नाही काढली तर?"

"तर ही हाल होऊन जाईल. काढली तर खोली जाईल." डॉक्टर नळाखाली हात धूत होत्या. "राहतं का कुणी?"

"माझा भाऊ."

"त्यांना रिकामी करायला सांगा. सगळी. मागे एकांनी टेबलफॅन आतच ठेवला होता, टाके घालताना फार त्रास झाला."

शरयूताईंनी दादाला सांगितलं तेव्हा तो चुन्याचा ब्रश घेऊन उभा होता.

"दुखतंय का तिला?"

"फार दुखतंय रे."

"मग काढून टाक," दादा म्हणाला आणि त्याने पडदा ओढून घेतला.

ऑपरेशनच्या दिवशी तो ट्रंक घेऊन बाहेर आला आणि पाय पोटाशी घेऊन दिवाणावर बसला. "मी नाही येत," म्हणाला. "मला बघवणार नाही." शरयूताईंनी ठकीला पिशवीत घातलं. जाता जाता त्यांचं लक्ष मिक्सरकडे गेलं. मागचं दार आता दिवाळीच्या फराळाच्या डब्याएवढंच उरलं होतं. बरं झालं वेळेवर निघाला, असं त्यांना वाटलं.

"हिला भूल एकदाच देता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "या वयात पुन्हा नाही. तेव्हा आज काय ते आज."

ठकी सैल पडली. डॉक्टरांनी मशीनने कुशीवरचे उरलेले केस काढले आणि खिडकी उघडी पडली, नखाएवढी. आत दिवा जळत होता.

"रिकामी केलीय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

शरयूताईंनी मोबाईल काढला आणि दादाला फोन लावला. टेबलावर, ठकीच्या कुशीत, बारीक घंटी वाजू लागली.

"दादा, कुठे आहेस तू?"

"खोलीत." आवाज कानातून आला आणि टेबलावरूनही आला.

"अरे, तू तर बाहेर बसला होतास! आत गेलास कसा?"

"आडवा होऊन. जरा पडलोय गं, पाय पसरून."

"दादा, बाहेर ये. तुझ्या पाया पडते, आत्ताच्या आत्ता ये."

"दारात आता हातसुद्धा मावत नाही, शरू. ठकी कशी आहे?"

"झोपलीय."

"इथे ऐकू येतंय मला. छान संथ चाललंय तिचं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "ताई, भूल उतरायला लागेल. थांबले तर मांजर जाईल. काय करू?"

शरयूताईंनी एक हात ठकीच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट त्या कोमट, उजळलेल्या चौकोनाशी नेलं, पण टेकवलं नाही. छताची माती पडेल, असं त्यांच्या मनात आलं. खिडकीत दादा उभा होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, डॉक्टरांच्या हातातल्या सुरीकडे पाहिलं, आणि मोरपंखी पडदा ओढून घेतला.